मंगळवारची मोकळी जागा

मी एक जुना चित्रांचा तक्ता आहे. दिसायला काही खास नाही. पातळ लाकडी फळी, तिच्यावर चिकटपट्टी आणि पट्टीवर चित्रे. पण मित्रांनो, एके काळी एका घराचा अख्खा दिवस माझ्या तालावर चालायचा.

मला बनवले ताईने. ती मदत केंद्रातून दर मंगळवारी दुपारी या घरी येई. घरातली मुलगी सात वर्षांची, स्वमग्न. बोलणे जेमतेम. पुढे काय होणार हे कळले नाही, की तिचा जीव कासावीस होई. म्हणून मी. दात घासणे, आंघोळ, शाळा, झोपाळा, सगळे ओळीने. मंगळवारच्या ओळीत ताईचा हसरा फोटो. मुलगी सकाळी माझ्यावरून बोट फिरवी आणि निवांत होई. "हा तक्ता नसता, तर माझं काही खरं नव्हतं," तिची आई म्हणे. मी फुशारून जाई. खोटे कशाला बोलू?

नातेवाइकांनी या घराकडे कधीच पाठ फिरवली होती. "लाडावून ठेवलीय," असा शेरा मारून शेजारीणही येईनाशी झाली. येणारी एकटी ताईच.

एके दिवशी केंद्रातून फोन आला. ताईची बदली झाली, नवीन कोणी मिळेपर्यंत थांबा. आईने "बरं" म्हटले, पण तो फोटो काही तिच्याने काढवेना.

मंगळवार आला. माझ्यावर फोटो होता, म्हणजे ताई येणारच. मुलगी दाराशी जाऊन बसली. संध्याकाळ झाली तरी उठेना. मग ती ओरडली, डोके आपटू लागली आणि माझ्यावरचे एकूण एक चित्र तिने उपटून काढले. मित्रांनो, मी तिच्याशी खोटे बोललो होतो.

कित्येक महिने मी कपाटामागे धूळ खात पडलो. पलीकडून रडणे ऐकू येई, आणि आईचे थकलेले "अगं, आंघोळच आहे गं." मुलीचा आता कशावरच विश्वास उरला नव्हता. मला फार एकटे वाटे.

शेवटी आईने मला बाहेर काढून पुसले, चित्रे पुन्हा लावली. ताईची जागा मात्र तिने मोकळी ठेवली. मुलगी तिथे बोट ठेवून थांबली.

"ताई येणार नाही," आई म्हणाली. "आज आपण दोघीच. मी आधीच सांगायला हवं होतं. चुकलंच माझं."

मुलगी रडली. बऱ्याच वेळाने तिचे बोट पुढच्या चित्रावर गेले.

मित्रांनो, तुमच्या शेजारी असे घर असेल, तर जरूर जा. आणि येतो म्हणून येणार नसाल, तर आधी कळवा. आमची मंगळवारची जागा अजून मोकळीच आहे.