पंपातली सुपारी

अहल्याबाई वर्षातले दहा महिने करजणला धाकट्या मुलाकडे वसंतकडे, म्हणजे खरं तर सून शालिनीकडे असायच्या आणि उरलेले दोन महिने हरणीच्या सोसायटीत नयनाकडे. त्या दोन महिन्यांतही "शालिनीची आमटी जरा पातळ असते, बरी लागते" हे आठवड्यातून दोनदा ऐकावं लागे. थोरली सून मुकाट्याने वाढत राहायची आणि आतल्या आत जळत राहायची.

सगळ्यात मोठं शल्य साडीचं होतं. सासरे असताना शालिनीच्या डोहाळजेवणात अहल्याबाईंनी आपली जांभळी महेश्वरी तिच्या ओटीत घातली होती. तिची जोडीदार मोरपंखी अजून ट्रंकेत होती आणि नयना बारा वर्षं तिची वाट बघत होती. मागायची मात्र तिची तयारी नव्हती. मागून मिळालेल्या साडीत काय राम?

त्या दिवशी ती शाळेतून आली तेव्हा सासूबाई करजणला निघून गेल्या होत्या. वसंतची गाडी लवकर आली, म्हणून किल्ली शेजारी ठेवून गेल्या. वॉशिंग मशीनवर त्यांच्या जुन्या पांढऱ्या सुती लुगड्याचं एक बोचकं होतं. नयनाचं डोकंच फिरलं. जाता जाता धुणं टाकून गेल्या! शालिनीकडे अशी हिंमत झाली असती का? गाठ सोडून बघायचीही तसदी न घेता तिने बोचकं उचललं, आत कोंबलं, वर दोन चादरी घातल्या आणि बटण दाबलं.

तासाभराने, चारच्या सुमाराला, मशीन किंचाळायला लागलं. कपडे पाण्यात बुडालेले, दार घट्ट बंद, आणि पाणी काही केल्या बाहेर जाईना. रिफायनरीतली पहिली पाळी संपवून तिचा नवरा अविनाश नुकताच येऊन टेकला होता.

"पाइप दुमडला असेल, बघ," तो म्हणाला.

नयनाने मशीन पुढे ओढलं. पाइप सरळ होता. मोरीच्या तोंडाशीही काही नव्हतं. अविनाशने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं आणि कान लावला.

"पंप नुसता घुरघुरतोय. काहीतरी अडकलंय. ताट आण."

त्याने वायर काढली, खालचं झाकण उघडून जाळीची टोपी हळूहळू सैल केली. पाणी ताटात आलं, बादलीत गेलं, पुन्हा ताटात आलं. तिसऱ्या बादलीला तो थांबला.

"हे हिरवं-निळं कशाने झालं?"

"तुमच्या आईच्या लुगड्यांना विचारा," नयना फणकारली.

जाळी बाहेर आली. तिला फुगलेले तांदूळ चिकटले होते. अविनाशने आत बोट घालून पंपाच्या पात्यात अडकलेलं काहीतरी उपसलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. एक सुपारी आणि एक हळकुंड.

ओटीचं सामान! नयना मशीनपुढे खाली बसली. पाणी उतरल्यावर दार उघडलं. सुटलेल्या लुगड्याच्या पोटातून मोरपंखी महेश्वरी निघाली. पदराचा रंग फुटून काठावर उतरला होता आणि निऱ्यांवर हळदीचा मोठा पिवळा डाग होता.

तेवढ्यात करजणहून फोन आला.

"जय श्रीकृष्ण. पोचले गं," अहल्याबाई म्हणाल्या. "मिळालं ना? ह्यांच्यामागे मला ओटी भरता येत नाही, लोक नावं ठेवतात. म्हणून नुसती बांधून ठेवली. घरी आलीस की तुझा हात आधी मशीनलाच लागतो, म्हणून तिथे ठेवली."

नयनाने बारा वर्षं जिची वाट पाहिली ती साडी मांडीवर ठिबकत होती.

"आवडली का?"

"आवडली, आई."

"मग नेस आणि फोटो पाठव. शालिनी इथे तोंड फुगवून बसलीय. मोरपंखी कुणाला देणार म्हणून कधीची माझ्या मागे लागली होती. तिलाही बघू दे जरा."

शालिनीला जळवायची संधी आयुष्यात पहिल्यांदाच चालून आली होती. नयनाने हळदीच्या डागावर बोट फिरवलं. तो जाणारा नव्हता.

"संध्याकाळी पाठवते," ती म्हणाली, आणि घड्याळाकडे बघायचं तिने टाळलं.