नेमाच्या पायांचं माप

शरयू माझ्या घरात शिरायची ती आंधळी होऊनच. नोव्हेंबर ते मार्च, दर शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास गराजच्या पायरीवर बूट आपटून बर्फ झटकल्याचे तीन आवाज येत, दार उघडे, थंडगार हवेचा एक लोट स्वयंपाकघरापर्यंत धावत येई, आणि त्याच्या मागोमाग, चष्म्याच्या काचांवर वाफ धरल्यामुळे काहीच न दिसणारी, हात पुढे करून चाचपडणारी, हसणारी शरयू. "विदुला, चहा टाक, मला काही दिसत नाहीये," हे तिचं ठरलेलं वाक्य. शिकागोजवळच्या नेपरव्हिलचा हिवाळा बावीस वर्षांत मला कधी आवडला नाही. पण त्यातला हा एवढा क्षण मात्र मी कोणाला दिला नसता.

शरयूचं वय एक्कावन्न. अंगाने सडपातळ, केस कानांपाशी पांढरे, आणि ते रंगवण्याचा विचारही नाही. रोज सकाळची गाडी धरून शिकागोतल्या एका विमा कंपनीत कामाला जायची, संध्याकाळच्या गाडीने परत. घटस्फोटाला बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. या सगळ्याचा कडवटपणा तिच्या चेहऱ्यावर शोधायला गेलात तर हाती काही लागायचं नाही. ऑक्टोबरातल्या तिसऱ्या प्रहरी, मेपलची पानं पेटलेली असताना, उतरत्या उन्हाला जो एक निर्वैर संथपणा येतो, तो तिच्या हालचालींत बारा महिने असायचा. फोनवरून फसवायला बसलेल्या माणसालाही "तुमचं जेवण झालं का?" विचारणारी बाई ही. मी तिच्या हातातून फोन काढून घेऊन तो कितीदा बंद केला असेल!

कारण मी स्वभावानेच संशयी. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना माझ्यावर किती विश्वास ठेवायचा ते ज्याचं त्याने ठरवावं. दुधाच्या डब्यावरची तारीख मी दुकानात एकदा आणि घरी एकदा वाचते. कोणी माझ्याशी फार गोड बोललं की माझ्या मनात पाल चुकचुकते. माझी लेक म्हणते, "आई, यू आर सो पॅरॅनॉइड," आणि मी म्हणते, असू दे, या घरात कोणीतरी जागं हवं ना! शरयूला माझ्या या स्वभावाची गंमत वाटे. ती विश्वास ठेवी, मी शंका काढी. असा आमच्या मैत्रीचा चौदा वर्षांचा संसार सुखाने चालला होता.

मग गेल्या जूनमध्ये तिच्या कंपनीतली दहा माणसं केनियाला निघाली. हौसेची समाजसेवा. कार्यक्रमाचा कागद तिने माझ्या टेबलावर ठेवला, आणि तो वाचताच माझं डोकं फिरलं. शुक्रवार-शनिवार बालगृह, रविवारी पहाटे सफारी. एकाच कागदावर, एकाखाली एक, मुलं आणि सिंह! "म्हणजे आधी अनाथ बघायचे आणि मग हत्ती बघायचे, असंच ना?" मी विचारलं. शरयू हसली. म्हणाली, "तू चल, तू आलीस तर हत्तीसुद्धा घाबरून खरं बोलतील." मी गेले नाही. ती गेली.

परत आली ती जुलैच्या रखरखीत उन्हात, पण चेहरा असा की आत कुठेतरी दिवा लागलाय. सफारीबद्दल तिने फार थोडं सांगितलं. झाडाखाली पहुडलेल्या दोन सिंहिणी, जिराफाच्या लांबलचक पापण्या, गवतावरून वाहत जाणारा वारा, एवढंच. बाकी सगळं नेमा. नेमा आठ वर्षांची. नेमाने पहिल्या दिवशी तिचं बोट धरलं ते दोन दिवस सोडलं नाही. जेवताना नाही, भांडी घासताना नाही, झाडाखाली गणितं सोडवतानाही नाही. रविवारी पहाटे जीप निघाल्या, तेव्हा ती फाटकाच्या गजांतून हात बाहेर काढून उभी होती म्हणे. हे सांगताना शरयूच्या उजव्या हाताची तर्जनी नकळत बाहेर यायची, जराशी वाकलेली, जणू तिला अजून कोणी लोंबकळतंय. दुकानात, रस्त्यावर, माझ्या ओट्यापाशी, ते बोट असं मोकळं धरून ती चालायची. मी नजर दुसरीकडे वळवायची. आणि रागही यायचा, खोटं कशाला बोलू?

तिने मला फोनवरची चित्रफीत दाखवली. अंगणात मुलं ओळीने उभी, टाळ्यांच्या तालावर स्वागताचं गाणं. सुंदर गाणं. शरयूचे डोळे भरले. माझे वटारले गेले. कारण गाणं संपताक्षणी सगळी मुलं एकदम धावली आणि प्रत्येकाने एकेक पाहुणा धरला. दहा पाहुणे, दहांचीही बोटं धरलेली. एकाच्याही वाट्याला दोन मुलं नाहीत, एकही पाहुणा रिकामा नाही. आता सांगा, खेळाच्या तासाला सुटलेली मुलं कधी अशी नेमकी धावतात? मी ती चित्रफीत तीनदा पाहिली. बोलले मात्र काही नाही, कारण चहा निवत होता आणि समोर तिचा चेहरा होता.

त्याच कार्यक्रमाच्या कागदाच्या मागे तिने नेमाच्या पायांचं माप आणलं होतं. आपल्या लोकांची ही जुनी रीत. इंडियातल्या कोणासाठी बूट न्यायचे तर तिकडून कागदावर पाय ठेवून भोवती पेन फिरवून पाठवतात. माझ्या सासऱ्यांचे पाय असे वर्षानुवर्षं माझ्या बॅगेतून अमेरिका फिरून गेले. शरयूने तेच केलं. निळ्या शाईतले दोन इवले पाय, डाव्याची करंगळी जरा बाहेर. पेन फिरताना गुदगुल्या होऊन मुलगी हलली असणार, एका ठिकाणी रेघ घसरलेली. तो कागद तिच्या फ्रिजवर लागला.

ऑगस्टमध्ये आम्ही बूट घ्यायला गेलो. जांभळे, चिकटपट्टीचे. दुकानभर तो कागद घेऊन ती फिरली, तळव्यावर तळवा ठेवून पाहिला, आणि अगदी तंतोतंत मापाचे बूट उचलले. "अगं, वाढत्या मापाचे घे," मी म्हटलं. "नको, ढगळ होतील. पडेल ती." माझ्या जिभेवर आलं होतं की तू आई नाहीस, तुला कळत नाही. ते मी गिळलं. ऑक्टोबरात कंपनीचा दुसरा गट निघाला, त्यांच्याबरोबर बूट गेले.

आणि त्याच महिन्यात तिने मला सांगितलं की ती जाणार. वर्षभरासाठी. बिनपगारी रजा मंजूर झाली होती, घर भाड्याने द्यायचं ठरलं होतं, जानेवारीचं तिकीटही काढलं होतं. त्या बालगृहात ती मुलांना गणित शिकवणार होती. "ती वाट बघतेय, विदुला," ती म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझी वाट बघतंय." ऑक्टोबरचं ऊन तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर होतं आणि मी तिला इतकी देखणी कधी पाहिली नव्हती. मी हसले, मिठी मारली, आणि ती गेल्यावर ओट्यापाशी उभी राहून रडले. मला भीती वाटली होती. तिला कोणी फसवेल याची वाटली, हे खरं. पण त्याहून मोठी भीती ही की ती जाईल आणि दर शनिवारी सकाळी दहा वाजता या घरात मला वाट पाहायलासुद्धा काही उरणार नाही. मैत्रिणीच्या काळजीचा बुरखा घालून माझा स्वार्थच तेव्हा हिंडत होता. आज कळतं, तेव्हा कळत नव्हतं असं मात्र म्हणवत नाही.

मग मी शोधायला बसले. दुसऱ्या गटातल्या कोणीतरी फोटो सगळ्यांना दिसतील असे टाकले होते. एक, दोन, तीस, चाळीस. आणि सापडला. तेच अंगण, तेच झाड, आणि एका उंच, सोनेरी केसांच्या बाईचं बोट धरून नेमा. मान चित्रफितीत होती तश्शीच डावीकडे कललेली, हसू तेच. तिच्या पायांत जुन्या रबरी चपला. आणि जांभळे बूट? ते मागे उभ्या असलेल्या एका चिमुरडीच्या पायांत.

सापडल्याचा जो आनंद मला झाला, त्याची आजही लाज वाटते.

नोव्हेंबरातला शनिवार होता, हिवाळ्यातला पहिला बर्फ भुरभुरत होता, आणि खिडकीतला प्रकाश पाणी घातलेल्या ताकासारखा पातळ. शरयूने चष्मा पुसला. मी फोन तिच्यासमोर सरकवला. "बघ. तुझे डोळे उघडावेत म्हणून दाखवतेय."

ती बघत राहिली. दोन बोटांनी चित्र मोठं केलं. नेमाचा चेहरा नाही, त्या बाईचा नाही. पाय मोठे केले. कितीतरी वेळ पाहिले. मग हळूच म्हणाली, "पाय वाढले गं तिचे."

"काय?"

"बूट बसले नसणार. तू म्हणाली होतीस, वाढत्या मापाचे घे. मला सुचलंच नाही." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "बरं झालं, त्या धाकटीला तरी झाले."

मला हे ऐकायचंच नव्हतं. मी चिडले. "शरयू, बुटांचं सोड! तिने हात कोणाचा धरलाय ते बघ. तुझा धरला होता ना, अगदी तसाच. मान वाकडी करून, तसंच हसून. येईल त्याचा धरतात ती मुलं. शिकवलेलं असतं त्यांना. कोणी वाट-बिट बघत नाहीये तुझी!"

टेबलावर तिचा उजवा हात होता. ती तर्जनी आपोआप आत गेली आणि मूठ मिटली. मला वाटलं, आता ती रडेल, किंवा माझ्यावर ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"ती लहान आहे," शरयू म्हणाली. "येईल त्याचा हात धरते, कारण येणारा प्रत्येक जण जातो. पण मी तर मोठी होते ना, विदुला? ती फाटकाशी उभी होती आणि मी जीपमध्ये बसले. दोन दिवस आई झाले आणि तिसऱ्या दिवशी सिंह बघायला गेले. टोपी घालून. कॅमेरा घेऊन." तिने चहाचा कप हातात घेतला, प्यायला नाही. "तू तिच्यावर संशय घेतलास. चुकीच्या माणसावर घेतलास."

मी काहीतरी बोलू लागले. तिने मान हलवली. "वर्षभर राहीन, आणि मग? पुन्हा एक जीप, पुन्हा ते फाटक. दोन दिवसांनी गेलं तर पोर सावरतं. वर्षाने गेलं तर?"

पुढच्या शनिवारी तिने सांगितलं, "तिकीट कॅन्सल केलं." भाजी आणल्याचं सांगावं तसं. मी गेला महिनाभर देवाजवळ हेच मागत होते आणि ते मिळाल्यावर मला काय वाटलं सांगू? भीती वाटली. मी म्हटलं, "अगं, जा. मी मूर्ख आहे, माझं काय ऐकतेस?" ती म्हणाली, "नाही गं, तू बरोबरच होतीस." बरोबर असण्यासारखी वाईट गोष्ट नाही, हे मला पन्नाशी उलटल्यावर समजलं.

आता फेब्रुवारी सरत आलाय. नळासमोरच्या खिडकीतून दिसणारा बर्फ कडेने काळवंडलाय. शरयू अजूनही दर शनिवारी येते, वेळ चुकवत नाही. हवेबद्दल बोलते, गाडीला झालेल्या उशिराबद्दल बोलते, माझ्या लेकीच्या कॉलेजचं विचारते. परवा इथेच तिचा फोन वाजला. पलीकडे कोणी गोड बोलून काहीतरी विकू पाहत होता. शरयूने "नो, थँक यू" म्हणून फोन ठेवून दिला आणि माझ्याकडे पाहून, शाबासकी मिळावी अशा बेताने, हसली. मी उठून उगाचच डबे पुसत राहिले. माझ्यासारखी झालीय ती. मीच तिला माझ्यासारखी केलीय.

नेमाचं नाव आमच्यात निघत नाही. ती पोर आता नऊ वर्षांची झाली असेल, पाय आणखी वाढले असतील, आणि कोण जाणे किती बोटं धरून तिने सोडली असतील. तिला शरयू आठवते का, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नाही, कारण त्याचं कुठलंही उत्तर आलं तरी मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही. मला छळतं ते निराळंच. शरयू गेली असती तर मी तिची आठवण काढली असती, फोन केले असते, दिवस मोजले असते. दूर गेलेल्या माणसाच्या आठवणीला काहीतरी रीतभात असते. पण माझ्याच टेबलाशी, माझ्यासमोर बसून, माझ्याच हातचा चहा पिणाऱ्या शरयूची मला इतकी आठवण येते, ती मी कोणाला सांगू?