निरोगी क्रमांक एकोणीस

डॉक्टर मेदहत यांना आलेखात शिस्त लागते. आजारी ठिपके वर, लाल. निरोगी ठिपके खाली, हिरवे. मध्ये इतकी मोकळी जागा, की परदेशातल्या परीक्षकाला चष्म्याशिवायही कळावं. माझ्या आलेखात साठ लाल ठिपके वर होते, एकोणतीस हिरवे खाली होते आणि एक हिरवा थेट लालांच्या घोळक्यात जाऊन बसला होता.

"हा कोण उपटसुंभ?"

"निरोगी क्रमांक एकोणीस, सर."

"काढून टाक. नमुना खराब झाला असणार."

"तीनदा तपासला. तिन्ही वेळा तिथंच."

"मग चौथ्यांदा तपासू नकोस, अफाफ. लेख गुरुवारी जायचाय."

आमचं काम चुगल्या ऐकण्याचं. शरीरातली प्रत्येक पेशी रक्तात पिशव्या सोडत असते, केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाएवढ्या, आणि पिशवीत त्या पेशीच्या घरची बातमी असते. यकृतात गाठ धरू लागली की ही बातमी बदलते, कधीकधी सोनोग्राफीत काही दिसण्याच्याही आधी. नाईलच्या मुखाकडच्या आमच्या गावांत एका अख्ख्या पिढीची यकृतं दुसऱ्याच रोगासाठी टोचलेल्या सरकारी सुईतून आलेल्या विषाणूने नासली. शाळेच्या पटांगणात रांग, सुई एक, दंड चाळीस. अशा ठिकाणी ही चुगली वेळेवर ऐकली तर माणूस वाचतो. हे वाक्य माझं नाही. डॉक्टर मेदहत यांनी अनुदानाच्या अर्जात लिहिलं होतं, आणि फार सुंदर लिहिलं होतं.

अडचण एवढीच, की एकोणीसचं रक्त मीच काढलं होतं, त्यामुळे तो कोण हे मला माहीत होतं. नियमाने माहीत असायला नको. नमुन्यावर नाव नसतं, आणि निकाल रक्त देणाऱ्याला सांगायचा नाही, असं नीतिसमितीने मंजूर केलेल्या फॉर्मवर कलम सहामध्ये छापलं आहे. पण निरोगी माणसं शोधायला गावोगाव कोण हिंडणार? आमची पद्धत जुनी आहे. इमारतीत जो हाताशी असेल त्याची बाही वर करायची. आणि सगळ्यांत हाताशी असतो तो तिसऱ्या मजल्यावरच्या चहाच्या खोलीतला अम्म बयूमी. वय अठ्ठावन्न, सगळ्या इमारतीचा काका. चौदा वर्षांत सहा संशोधनांना तो निरोगी माणूस म्हणून उपयोगी पडला होता. कोणाला किती साखर, हे चाळीस माणसांचं त्याला पाठ. त्याच्या रक्तात काय निघालं, हे चाळिसांतल्या एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

तो निरोगी कशावरून? तर त्याच्याकडे कागद होता. सरकारी मोहिमेतल्या गोळ्यांनी यकृताचा विषाणू गेला, त्याचा शिक्क्याचा कागद प्लास्टिकमध्ये घालून त्याने किटलीच्या वर लावला होता. आमच्या फॉर्मवर एकच प्रश्न: विषाणू आहे का? नाही. तो आत चाळीस वर्षं राहून काय करून गेला, हे लिहायला फॉर्मवर जागा नव्हती. चोर गेला म्हणजे घर शाबूत, असं आमचं शास्त्र.

मी समितीच्या कार्यालयात गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, "अर्ज द्या. पुढची बैठक ईदनंतर."

"ईदला पाच आठवडे आहेत."

"मग घाई कसली? नीट अक्षरात लिहा."

गाठही ईदची सुट्टी घेते का, हे कोणत्याच कलमात नव्हतं. आणि माझंही सांगते. पहिल्या तपासणीपासून अकरा दिवस मी गप्प होते. रोज दोनदा त्याचा चहा पीत होते.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी त्याच्या दारात उभी राहिले.

"अम्म बयूमी, खाली चला. पोटाचा स्कॅन काढायचाय."

"कोणाच्या?"

"तुमच्या."

तो हसला. "डॉक्टरबाई, या इमारतीत निरोगी माणूस एकच. सहा वेळा तुम्हीच ठरवलंत."

"सहाव्यांदा चुकलं."

"माझ्याकडे कागद आहे."

"कागदाला यकृत नसतं."

पेला पुसणारा हात थांबला. "काय दिसलं?"

"सांगायची परवानगी नाही."

"म्हणजे दिसलंय." त्याने पेला आपटला. "रक्त माझं, सुई मला टोचली, आणि गुपित ठेवायचं तेही माझ्यापासूनच? अशा माणसांना मी चौदा वर्षं साखर घालतोय!"

"ओरडा, पण जिन्यात ओरडा. खाली मशीन रिकामं आहे."

"आणि मेदहत साहेबांचा अकराचा चहा?"

"एक दिवस चहाविना मरत नाहीत ते."

जिन्यात तो खरोखरच ओरडला. तिन्ही मजल्यांनी ऐकलं.

स्कॅनवाल्या डॉक्टरने पडद्यावर बोट ठेवलं. "दोन सेंटिमीटर. एकच आहे. सुईने जाळता येईल, सोमवारी घेऊ." मग बयूमीकडे वळून म्हणाला, "काका, दोन-तीन महिन्यांनी आला असतात तर मी इतक्या मोकळ्या आवाजात बोललो नसतो."

बयूमीने माझ्याकडे पाहत पोटावरचा चिकट जेल पुसला.

बुधवारी डॉक्टर मेदहत यांनी बोलावलं. नोकरी गेली असं समजून मी कपाट आवरूनच गेले. साहेब खुशीत होते.

"अफाफ! एकोणीसला परत घे! त्याच्याभोवती मोठं वर्तुळ काढ! कोणाला शंका नव्हती तेव्हा आपण ओळखलं!"

"आपण काढून टाकलं होतं, सर."

"ते लेखात लिहायची गरज नाही. त्याची परवानगीची सही घेऊन टाक. आता निरोगी तेवढा एक कमी पडला. अर्जात तीस म्हटलंय आपण. कोण आहे हाताशी?"

मी सुई, नळ्या आणि फॉर्म घेऊनच परतले. "तुम्ही आहात, सर."

"मी?"

"शाळेत रांगेत उभे होतात ना?"

"सगळेच होते."

"विषाणू?"

"गोळ्या घेतल्या. गेला. कागद आहे माझ्याकडे."

"मग फॉर्मप्रमाणे तुम्ही निरोगी."

त्यांनी बाही कोपरापर्यंत वर केली. मी दंडाला पट्टा बांधला. शीर वर आली. सुई उघडली तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "निकाल मला सांगशील ना?"

"कलम सहा, सर. खाली संशोधनप्रमुख म्हणून सही तुमचीच आहे."

त्यांनी सुईकडे पाहिलं. पट्टा स्वतःच सोडला, बाही खाली केली, मनगटाचं बटण लावलं.

"हे कलम बदलून घ्यायला काय करावं लागतं?"

"अर्ज द्या, सर," मी म्हटलं. "पुढची बैठक ईदनंतर."