दुसऱ्या कानाची सही

निसर्ग वाचवणाऱ्या संस्थेची संचालिका म्हटलं की लोकांना वाटतं, ही बाई दिवसभर गळ्यात दुर्बीण अडकवून रानात हिंडत असणार. कसलं हिंडणं अन् कसलं काय! बाईंचा दिवस जायचा बैठकांत, अर्जांत आणि ऑफिसातल्या संडासाचा नळ गळतो म्हणून प्लंबरच्या मागे लागण्यात. दुर्बीण आपली खुंटीला.

पण संस्था घरचीच होती, त्यामुळे सोडताही येत नव्हती. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, चाळीस वर्षांपूर्वी ती काढली ती एका ओलसर कुरणासाठी आणि त्या कुरणातल्या एका टीचभर पाखरासाठी. सगळे त्याला किरकिऱ्या म्हणत. मातकट रंग, गवताच्या बुडाशी जमिनीवर घरटं, दोन हातांवर असला तरी दिसेल तर शपथ. तो फक्त ऐकू यायचा. पहाटे नर एखाद्या काडीवर चढून अगदी बारीक, उंच सुरात किर्रर्र लावायचा, मिनिट मिनिटभर, दम न खाता. म्हणून किरकिऱ्या मोजायचा तो कानांनीच.

आता कुरण वर्षातून एकदा कापावंच लागतं, नाहीतर झुडपं माजतात आणि पाखरू आपोआप देशोधडीला लागतं. पण अवेळी कापलं तर पिल्लं पात्याखाली जातात. म्हणून अण्णांनी नियम घातला होता. कापणीआधी तीन पहाटा दोन माणसांनी कुरणात उभं राहून ऐकायचं. त्या दोघांना संस्थेत ‘पहिला कान’ आणि ‘दुसरा कान’ म्हणत. दोघांनीही कागदावर ‘शांत’ लिहून खाली सही केली, तरच ट्रॅक्टर आत. पहिला कान कायम अण्णा. दुसरा कान गेली दहा वर्षं बाई.

यंदा दोन्ही सह्या झाल्या आणि सोमवारी कापणी झाली. मंगळवारी सकाळी ट्रॅक्टरवाला ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. एरवी हा गडी आला की आधी त्याचं हसणं आत यायचं. आज त्यानं टोपी दोन्ही हातांत उलटी धरली होती, आणि आत यायला तो तयार नव्हता.

“काय आणलंस?” अण्णांनी विचारलं.

त्यानं टोपी टेबलावर ठेवली. आत चार पिल्लं होती. पिसं फुटलेली, आणखी आठवडाभरात उडाली असती अशी. एकही हलत नव्हतं.

“काल अंधार पडेस्तोवर कापत होतो, तेव्हा काही दिसलं नाही. आज गवत पलटायला गेलो तर ही,” तो म्हणाला. “पाच घरटी मोजली. पुढं मोजवेना मला.”

पाच म्हणजे जवळपास सगळीच. मागच्या वर्षी अख्ख्या कुरणात सात नर होते, आणि आसपास शंभर मैलांत दुसरीकडे एकही नव्हता.

अण्णांचा आवाज चढला. “डोळे फुटले होते का तुझे? नकाशाबाहेरच्या वरच्या पट्ट्यात घातलास ना ट्रॅक्टर? कापायच्या जागी तीन पहाटा मी स्वतः उभा होतो. सुई पडली असती तरी ऐकली असती!”

“नकाशावर होतं तेवढंच कापलं, अण्णा.”

“खोटं बोलू नकोस!” अण्णा बाईंकडे वळले. “याला आजच्या आज काढ. याच्यासारखा माणूस मला संस्थेच्या फाटकात दिसता कामा नये.”

ट्रॅक्टरवाल्यानं बाईंकडे पाहिलं. काही मागितलं नाही, नुसतं पाहिलं. आणि बाई, ज्यांनी मंत्र्यासंत्र्यांना तोंडावर सुनावलं होतं, त्या बाई मूग गिळून बसल्या.

कारण त्यांना माहीत होतं.

मागच्या वर्षी दोघं कुरणात उभी होती. डाव्या हाताला, वीस पावलांवर, किरकिऱ्या जीव तोडून गात होता, आणि अण्णा शांतपणे वहीत ‘काही नाही’ची रेघ मारत होते. बाईंना आधी वाटलं, थट्टा करतायत. मग घरी लक्ष ठेवलं. फ्रिजचं दार उघडं राहिलं की तो पीं-पीं करून घर डोक्यावर घ्यायचा. अण्णा त्याच्यासमोर बसून निवांत पेपर वाचायचे. माणसांचं बोलणं मात्र त्यांना सगळं ऐकू यायचं. शेजारच्या खोलीत कुणी हळू आवाजात त्यांची चहाडी केली तरी ती त्यांना पुरती कळायची. म्हणून कुणाला शंका आली नाही. गेला होता तो फक्त वरचा, बारीक सूर. म्हातारपणी जातो तो. आणि किरकिऱ्याचा सूर नेमका तोच.

सांगायला हवं होतं. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. आई गेल्यापासून त्या माणसाकडे उरलंच काय होतं? एक कुरण आणि कान. बाईंनी त्या वर्षी गुपचूप वहीत अण्णांच्या रेघांच्या जागी आकडे घातले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला समजावलं.

यंदा नेमक्या त्या तीन पहाटा बाई शहरात होत्या. पाणथळीतून रस्ता काढायचा घाट घातला होता कुणीतरी. तीन दिवस भांडून बाईंनी तो वळवला. मोठं काम झालं, लोकांनी हार घातले. आपल्या जागी दुसऱ्या कुणाला कुरणात पाठवता आलं असतं. पण अण्णांना ऐकू येत नाही हे नव्या कानानं दहा मिनिटांत ओळखलं असतं, आणि दुपारपर्यंत साऱ्या संस्थेत झालं असतं. बाई परत आल्या तेव्हा जेवणाच्या टेबलावर कागद होता. ‘शांत, शांत, शांत’, खाली अण्णांची वळणदार सही. तसाही हंगाम सरलाय, उडून गेली असतील पिल्लं, असं म्हणत दमलेल्या बाईंनी दुसऱ्या कानाची सही ठोकून दिली. कुरणात पाऊल न टाकता.

आणि आता चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची वेळ आली होती.

“घरी जा तू,” बाई ट्रॅक्टरवाल्याला म्हणाल्या. “चूक तुझी नाही. नोकरी कुठं जात नाही तुझी.”

“मग कुणाची आहे?” अण्णा गरजले.

बाईंना तिथं सांगता आलं नाही. “उद्या पहाटे माझ्याबरोबर या,” एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दोघं कुरणात पोचली. सगळीकडे आडवं पडलेलं गवत, आणि चराच्या कडेला न कापलेली एक पट्टी तेवढी उभी होती. तिथं पोचायच्या आधीच बाईंना ऐकू आलं. एक नर गात होता. घरटं गेलं, पिल्लं गेली, आणि हा आपला पुन्हा पहिल्यापासून जोडीदारीण बोलवत होता.

अण्णांनी सवयीनं मान कलती केली, डोळे मिटले. पाच मिनिटं गेली. किर्रर्र चालूच होतं.

“बघ,” अण्णा डोळे उघडून म्हणाले. “काही नाही राहिलं. मेल्यानं सगळं संपवलं.”

“अण्णा, त्या वाळक्या काडीकडे बघा. टोकाला.”

अण्णांनी दुर्बीण लावली. बाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. आधी तो उजळला, चाळीस वर्षांपूर्वी असेल तसा. “अगं, आहे की! एक आहे!” मग ते दुर्बिणीचं चाक फिरवायला लागले. दुर्बिणीतून त्यांना पाखराचा गळा फुगलेला दिसत असणार, चोच उघडी दिसत असणार.

बराच वेळ त्यांनी दुर्बीण खाली घेतली नाही.

“गातोय का तो?”

“हो.”

“कधीपासून?”

“आपण आल्यापासून.”

अण्णा मटकन चराच्या काठावर बसले. ओठ हलत होते. मनातल्या मनात ते वर्षं मोजत होते. “म्हणजे ट्रॅक्टरवाला...” ते म्हणाले, आणि वाक्य तसंच राहिलं. मग त्यांनी वर पाहिलं. “तुला कधी कळलं?”

खोटं बोलणं सोपं होतं. ‘काल’ असं म्हणून मोकळं होता आलं असतं.

“मागच्या वर्षी.”

“आणि कागदावर तुझी सही होती.”

“होती.”

“का नाही सांगितलंस?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून,” बाई म्हणाल्या आणि पन्नाशीची ती बाई लहान पोरीसारखी रडायला लागली. “तुमच्याकडून हे पण काढून घ्यायचं, माझ्याच्यानं नाही झालं, अण्णा.”

अण्णा रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. त्यांनी खिशातून वही काढली, पेन्सिल काढली आणि दोन्ही तिच्या हातात दिली.

“नीट ऐक,” ते म्हणाले. “किती आहेत ते सांग.”

बाईंनी डोळे पुसले. मान कलती करून ऐकलं. अख्ख्या कुरणावर त्या एका काडीवरचा एक सूर होता. दुसरा कुठून तरी येईल म्हणून त्या ऐकत राहिल्या, ऊन चढेपर्यंत.

“एक,” त्या म्हणाल्या.

“खरं सांगतेस?”

“खरं, अण्णा. एकच आहे.”

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. मग दुर्बीण डोळ्यांना लावली आणि उरलेल्या पट्टीतली एकेक काडी ते स्वतःच तपासायला लागले.