गुरुवारचा डबा

कचऱ्याच्या डब्याचं झाकण रुचिराने पायाने उघडलं आणि केळ्याची साल तिच्या हातातच राहिली. आत कांद्याच्या टरफलांवर मूगडाळीची एक वीट बसली होती. चारी कोपरे शाबूत, कडेला बर्फाची पांढरी किनार. ज्या डब्यात ती गोठली होती त्याच्या तळाची नक्षीसुद्धा तिच्यावर उमटली होती. शेजारी तोंडल्याची भाजी, तीही चौकोनी. आणि एका बाजूला दोन पोळ्या, घडी करून नीट ठेवलेल्या, जशा कुणाच्या ताटात वाढाव्यात.

ओट्यावर रिकामा डबा धुऊन पालथा घातला होता. त्याच्यावर पट्टी तशीच होती, तिच्या नवऱ्याच्या, सुशांतच्या ऑफिसातल्या मशीनवर छापलेली. गुरुवार, दुपार, आई.

रुचिराने आधी हाक मारली. घरात कुणी नव्हतं. मुलगी श्वेता शाळेतून थेट क्लासला जायची. सुशांत ऐरोलीला ऑफिसात. रुचिरा स्वतःही यावेळी विक्रोळीला असायची, पण आज सकाळीच ऑफिसची सिस्टीम बंद पडली आणि दुपारी साहेबांनी सगळ्यांना घरी पाठवलं. म्हणजे नाहूरच्या या घरात भरदुपारी फक्त तिच्या सासूबाई, रत्नप्रभाबाई असायला हव्या होत्या. त्या नव्हत्या, आणि त्यांचं जेवण कचऱ्यात होतं.

रुचिराचं डोकं फिरलं. सोमवारच्या वालाचंही असंच झालं असणार. त्याच्या आधीच्या आठवड्यातल्या पालकाचंही. ओल्या कचऱ्याची बादली हल्ली सकाळी जड का लागते, याचं उत्तर तिला आता मिळालं. रोज संध्याकाळी ती विचारायची, आई, जेवलात ना नीट? आणि त्या मान हलवायच्या. ताटाबाहेर भाताचं शीत सांडलं तरी ते उचलून कपाळाला लावणारी बाई रोज दुपारी अख्खं जेवण फेकत होती, आणि वर डबा धुऊन ठेवत होती.

या डब्यांचं सगळं मूळ सुशांतच्या रक्ताच्या रिपोर्टात होतं. साखर वाढली होती. डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं किती वेळा खाता? सुशांतने मोबाइलवरच्या ऑर्डरी उघडून दाखवल्या आणि स्वतःच ओशाळला. चांगला माणूस, मनावर घेतलं की घेतलं. रात्रभर बसून त्याने आठवड्याचा तक्ता केला. डाळींना पिवळा रंग, पालेभाज्यांना हिरवा, बुधवारी आणि शुक्रवारी मासे, म्हणून ते दोन वार निळे. तक्ता फ्रिजवर लागला, त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर गेला आणि गावच्या नंदकुमारकाकांपासून सगळ्यांनी वर केलेले अंगठे पाठवले. तक्त्याच्या खाली त्याने लिहिलं होतं, आपण रविवारी एकदाच रांधायचं आणि आठवडाभर घरचं खायचं.

त्या आपणमध्ये रुचिरा सकाळपासून गॅससमोर उभी असायची. वाटण भाजायची, वाटायची, कुकर लावायची, काढायची, पोळ्यांची चळत रचायची. श्वेता भाज्या निवडून द्यायची. सुशांत पट्ट्या चिकटवायचा. मन लावून चिकटवायचा, एकही वाकडी जाऊ देत नसे. संध्याकाळी भरलेला फ्रीजर उघडून तो म्हणायचा, बघ, आपण किती ऑर्गनाइझ्ड झालो. आणि रुचिराला त्या उघड्या फ्रीजरमध्ये त्याचं डोकं कोंबावंसं वाटायचं.

तिचा रविवार असा गेला होता. त्याआधी रविवारी सकाळी ती मुलुंडला पोहायला जायची. चाळिशीत शिकायला लागलेली बाई म्हणून तिथल्या पोरी हसायच्या, तरी ती जायची. पाण्यावर नुसतं पडून राहायला तिला नुकतं जमलं होतं. मग तक्ता आला. तिचा पोहण्याचा पोशाख अजून बाथरूमच्या दारामागे लटकत होता, कडक होऊन. तो रविवार तिने घरासाठी दिला होता. दिला होता म्हणजे तिच्याकडून मागून घेतला गेला होता, पण निदान कुणाच्या तरी पोटात जातोय अशी तिची समजूत होती.

तिने खांद्यावरची पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. तशीच दार ओढून खाली उतरली.

वॉचमनला विचारावंही लागलं नाही. बिल्डिंगच्या खालच्या दुकानांच्या रांगेत टोकाला अण्णाचं हॉटेल होतं. काचेच्या आत, पंख्याखालच्या टेबलावर रत्नप्रभाबाई बसल्या होत्या. घरात नेसायचं पातळ नव्हे, इस्त्रीचं होतं. समोर स्टीलचं ताट, त्यात वाट्यांची रांग. वाढप्याने येऊन एक टम्म फुगलेली पुरी त्यांच्या ताटात सोडली. बाईंनी ती लगेच फोडली नाही. वर आलेली वाफ आधी बघितली, मग बोटाने हळूच टोचली. असं समाधान रुचिराने त्यांच्या तोंडावर घरातल्या जेवणाला कधी पाहिलं नव्हतं. त्याने ती अजूनच पेटली.

ती आत गेली आणि समोरची खुर्ची ओढून बसली. रत्नप्रभाबाईंनी वर पाहिलं. हातातला घास हातातच राहिला.

"मी कचरा बघितला," रुचिरा म्हणाली.

बाईंनी तो घास ताटात ठेवला.

"तो माझा रविवार होता, आई. तुम्ही माझा रविवार कचऱ्यात टाकता."

आवाज तिने मोठा केला नव्हता, पण शेजारच्या टेबलावरचे दोघे वळले. रुचिराला त्याची पर्वा नव्हती. तिने जे जे तोंडात आलं ते सगळं सांगितलं. घरात बाहेरचं बंद केलंय ते कुणासाठी, मुलगा तुमचाच आहे ना, आवडत नव्हतं तर तोंडावर सांगायचं, चोरून कशाला, आणि फेकायचं कशाला, फ्रीजरमध्ये ठेवलं असतं तर निदान मी खाल्लं असतं. शेवटच्या वाक्याला रत्नप्रभाबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग पदराने तोंड पुसलं. एरवी त्या सुनेशी मुंबईचं मराठी बोलायच्या. मनातलं काही बोलायचं झालं की मात्र गावचं मालवणी यायचं.

"माका शिळा जाणा नाय, गो."

"शिळं नाही ते. फ्रीजरमधलं आहे."

"तुमच्या फ्रीजरान सांगल्यान म्हणान ता ताजा होता?"

मग त्यांनी सांगितलं. फार नाही, तुकड्यातुकड्याने. लालबागच्या खोलीत त्यांनी खानावळ चालवली होती हे रुचिराला माहीत होतं. नवरा गिरणीत, आणि गावाकडचे बापये, म्हणजे एकटे राहणारे पुरुष, दोन पाळ्यांत जेवायला. सुशांत ती गोष्ट पाहुण्यांना कौतुकाने सांगायचा, आमच्या आईने अख्खी चाळ जेवू घातली म्हणून. त्या गोष्टीत आई स्वतः कधी आणि काय जेवायची ते नव्हतं. जेवणाऱ्यांनी पैसे मोजलेले, त्यांना ताजं द्यायलाच हवं. नवरा कामावरून आलेला, त्याला ताजं. पोराला ताजं. दुपारचं उरलेलं रात्री आणि रात्रीचं सकाळी, ते त्यांचं. टोपाच्या तळाला लागलेलं, आंबट होत आलेलं. लोणच्याच्या फोडीबरोबर ढकललं की जातं, त्या म्हणाल्या. खानावळ बंद झाली तरी सवय तीच राहिली, घरात उरलं ते बाईचं.

"उरला ता माझा. जलमभर. आता गॅस लावक तुम्ही देनास नाय, म्हणान हयसर येतंय. कोणीतरी गरम आणून वाढता, ता खातंय."

गॅसचं खरं होतं. गेल्या वर्षी त्या दूध ठेवून विसरल्या, तेव्हापासून सुशांतने त्या एकट्या असताना गॅसला हात लावायचा नाही असं ठरवून टाकलं होतं. दुपारी मायक्रोवेव्ह, बस. रुचिरानेही त्यावर हो म्हटलं होतं.

"मग मला सांगायचं," रुचिरा म्हणाली.

"तू आयतवारी पाठ मोडून रांधतस. तुझ्या तोंडार कसा सांगू?" बाईंनी नजर खाली घातली. "रोज हात जोडून टाकतंय. पाप लागात ता माका लागात."

कचऱ्याच्या डब्याला हात जोडणारी सासू डोळ्यांसमोर आली आणि रुचिराला हसू येता येता राहिलं. राग गेला नव्हता. फक्त तो कुठे ठेवायचा ते कळेनासं झालं होतं. समोरच्या म्हातारीवर ठेवावा तर तिची पुरी बिचारी बसून गेली होती.

"तू जेवलंस?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

नाही, एक केळं खाल्लं, डबा पर्समध्येच आहे, असं रुचिरा म्हणाली. बाईंनी हात पुढे केला. रुचिराला वाटलं, आपल्या डब्यासारखंच आहे की वेगळं ते त्यांना बघायचं असेल. तिने डबा काढून दिला. बाईंनी झाकण उघडलं.

आत कडेला तोंडल्याच्या चार फोडी होत्या, त्यांच्यावर पालकाचा खरवडलेला लगदा, मध्येच वालाचे पाचसहा दाणे. खाली डाळ, घट्ट, कुकरच्या भांड्याला लागलेली. वर पोळ्यांचे तुकडे, तव्यावर फाटलेल्या आणि कुणाच्या डब्यात घालता न आलेल्या पोळ्यांचे. डब्यावर पट्टी नव्हती. सुशांत, श्वेता, आई, असे डबे भरून झाले की भांड्यांतून जे निघेल ते रुचिरा अशा बिनपट्टीच्या डब्यांत गोळा करून ठेवायची. भांडी घासायच्या आधीचं काम, इतकंच तिला ते वाटत आलं होतं. पट्ट्या छापून घेताना तिने आपलं नाव कधी सांगितलं नव्हतं आणि सुशांतने कधी विचारलं नव्हतं.

रत्नप्रभाबाई त्या डब्याकडे बघत राहिल्या. ओळखीचं माणूस गर्दीत दिसावं तशा. मग त्यांनी झाकण लावलं, बोटांनी दाबून दाबून चारी बाजूंनी बसवलं, आणि काउंटरकडे वळून अण्णाला सांगितलं, अजून एक राईसप्लेट. वाढप्या पुरी घेऊन आला तेव्हा तो सवयीने त्यांच्या ताटाकडे वळला.

"आधी हिला," त्या म्हणाल्या.

रुचिरा जेवली. जीभ भाजेल इतकं गरम सांबार, पुरी, नंतर भात. मान वर न करता जेवली. मध्येच तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते सांबाराने आलं असं तिने वाढप्याला भासवलं. तिला राग येत होता, जेवतानाही येतच होता, पण आता तो समोर बसलेला नव्हता. तो फ्रिजवर लागला होता, रंगीत, सरळ रेघांत. आणि थोडा तिच्या स्वतःच्या हातांवर होता, जे दर रविवारी भांडी खरवडत होते.

संध्याकाळी दोघींनी मिळून कुळथाची पिठी केली. गॅस रत्नप्रभाबाईंनी लावला, रुचिरा शेजारी उभी राहून गुठळ्या मोडत होती. भात टाकला, पापड भाजले. फ्रीजरला कुणी हात लावला नाही. क्लासहून आलेली श्वेता वासानेच स्वयंपाकघरात शिरली आणि आज तक्त्यात हे आहे का, असं विचारून उत्तराची वाट न बघता ताट घेऊन बसली. तिघी एकदम जेवायला बसल्या. असं कधी होत नसे, सुशांत येईपर्यंत कुणी ना कुणी थांबायचंच.

सुशांत आला तेव्हा त्यांचं निम्मं जेवण झालं होतं. त्याने हात धुतले, टेबलाकडे बघितलं, वाफ येणारं पातेलं बघितलं. आज गुरुवार ना, आपली मूगडाळ होती ना, असं तो म्हणाला, पण तक्रारीने नाही, हसतच. रुचिरा उठली. पर्समधला डबा तिने काढला, मायक्रोवेव्हमध्ये गरम केला आणि त्याच्या ताटात उपडा केला. मग परत आपल्या जागी येऊन बसली.

सुशांतने चमच्याने तो ढीग जरा हलवला. वाल वर आले, तोंडली खाली गेली.

"हे कशातलं आहे?"

"सगळ्यातलं," रुचिरा म्हणाली. "तुझा तक्ता होऊन उरतं ते."

त्याने रिकामा डबा उचलून फिरवून बघितला, सगळ्या बाजूंनी, झाकणसुद्धा.

"याच्यावर नाव नाही. कोणाचा आहे हा?"

"आईचा," श्वेता म्हणाली. पापड मोडता मोडता, अगदी साध्या आवाजात. "ऑफिसला नेते ती. रोज."

सुशांतच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. फाटक्या पोळीचा एक तुकडा त्याने उचलला आणि तोंडाकडे नेता नेता थांबला.

रत्नप्रभाबाईंचा हात त्याच्या ताटाकडे गेला. इतक्या वर्षांचा हात तो, मुलापुढचं उरलंसुरलं आपल्याकडे ओढून घ्यायला शिकलेला, न सांगता निघाला. रुचिराने जेवण थांबवलं. ती फक्त त्या हाताकडे बघत होती, आणि जर तो हात त्या ताटाला लागला असता तर तिने काय केलं असतं ते तिलाही माहीत नव्हतं.

हात ताटाशी पोचला आणि बाजूला वळला. तिथे लोणच्याची बरणी होती. बाईंनी ती मुलापुढे सरकवली.

"लोणचा घे," त्या म्हणाल्या. "त्याच्याबरोबर जाता."

मग त्यांनी पळी उचलली आणि रुचिराच्या भातावर गरम पिठी वाढली.