चटईखालची शिवण

आमच्याकडे जुनी गाडी घेताना आधी विकणाऱ्याच्या सात पिढ्या विचारतात आणि मग, वेळ उरलाच, तर इंजिन बघतात. मी चेष्टा करत नाहीये. माझा नवरा एसेनकुल चार हिवाळे सायबेरियात विटा रचत होता. त्या चार हिवाळ्यांचे पैसे कमरेला बांधून मी बिश्केकच्या गाडीबाजारात उभी होते, आणि माझा धाकटा दीर जोलदोश एका परक्या माणसाला त्याच्या पणजोबाचं नाव विचारत होता.

गाडी धड मिळाली तर एसेनकुल वसंतात घरी येणार होता. आमच्या कोचकोरहून बिश्केकपर्यंत शेअर टॅक्सी चालवणार होता. गाडी भिकार निघाली तर परत विटा. सगळं एवढ्यावर होतं, आणि हे जोलदोशला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

"सौदा जोलदोश करेल," नवऱ्यानं फोनवर बजावलं होतं. "बाईच्या हातात हात देऊन भाव कोण ठरवतं?"

खरंच कोणी ठरवत नाही. घोडा असो नाहीतर गाडी, आमच्या बाजारात दलाल दोघांचे हात एकमेकांत अडकवतो आणि आकडा पटेपर्यंत हापशासारखे हलवतो. मग कोणी म्हातारा दुवा देतो, सगळे ओंजळ उघडतात, आमीन म्हणून तोंडावरून हात फिरवतात, आणि सौदा पक्का. त्यानंतर मागे फिरणाऱ्याचं तोंड कोणी बघत नाही. बाईनं या सगळ्यात कमरेची गाठ तेवढी सोडायची.

सकाळी जोलदोश समसा खायला गेला तेव्हा मी एका चंदेरी जपानी गाडीच्या मागे बूट काढून टाच चोळत बसले होते. डोक्याला रुमाल बांधलेली बाई जमिनीवर बसली की बाजाराला ती दिसतच नाही. गाडीच्या पुढच्या बाजूला मालक एका गिऱ्हाइकाला सांगत होता, "तू बुगू कुळातला? अरे मग आधी नाही का बोलायचं! मीपण बुगू! माझा आजा इसिक-कुलच्या काठचा!" गिऱ्हाईक चांगलं होतं, बायकोला विचारून येतो म्हणालं आणि गेलं.

थोड्या वेळानं हनुवटीला तेल लावून जोलदोश आला. मालकानं, शेरगाझी त्याचं नाव, त्याला आधी चहा पाजला. मग विचारलं, "कोणाचा रे तू?"

"कोचकोरचा. सायाक कुळातला."

"सायाक!" शेरगाझीनं त्याला मिठीच मारली. "रक्त ओढतं बघ, उगाच नाही! मी तुला लांबून बघितलं आणि म्हटलं, ही चाल आपल्यातली."

मी जोलदोशची बाही ओढली. "सकाळी हा बुगू होता."

"वहिनी, गप बसा जरा. माणसं बोलतायत."

मी माणसांत नव्हते. ठीक. घरच्या फ्रिजवरचं चुंबक मी खिशात घालून आणलं होतं, ते काढलं आणि पत्र्यावर फिरवायला लागले. पुढच्या दारांना घट्ट चिकटलं. मागच्या दाराच्या वर, छताच्या कडेला आणलं तर खाली पडलं. परत लावलं, परत पडलं. तिथं रंगाखाली पत्र्याऐवजी बोटभर जाडीची पुट्टी भरलेली होती. दुसऱ्या बाजूला नेमकं त्याच जागी तेच.

"ए बाई, ओरखडे पडतील!" शेरगाझी ओरडला. मग त्याला आठवलं की आता आपलं नातं लागतं. "वहिनी, नव्या नवरीला कोणी नखानं खरवडतं का?"

बघे हसले. जोलदोश सगळ्यात मोठ्यानं हसला.

"जोलदोश, गाडीखाली जाऊन बघ," मी म्हटलं.

"आपल्या माणसाच्या गाडीखाली?" त्याचा चेहराच उतरला. "वहिनी, काय बोलता? त्याच्या तोंडावर?"

इथंच आमचे लोक मरतात. परक्याची गाडी असती तर हाच जोलदोश चिखलात उताणा पडून एकेक बोल्ट मोजत बसला असता. पण नातं निघालं की बघणं म्हणजे अपमान. आणि हे त्या शेरगाझीला पक्कं माहीत होतं. तो गाडी विकत नव्हता, तो लाज विकत होता, आणि आमच्याकडे तिला कायम गिऱ्हाईक असतं.

दलालानं दोघांचे हात धरले. "सात हजार डॉलर!" "सहा!" "आपल्यातल्या माणसाला साडेसहा! बोल भाऊ, बोल!" हात वरखाली, वरखाली. आणि जोलदोश म्हणाला, "साडेसहा."

कुठूनतरी एक म्हातारा पुढे झाला, त्यानं दुवा सुरू केली. रस्ता मोकळा असो, चाक निर्वेध फिरो. सगळ्यांच्या ओंजळी उघडल्या. माझे दोन्ही हात कमरेच्या गाठीवर होते. "आमीन," सगळे म्हणाले.

"मी नाही म्हटलं," मी म्हणाले.

म्हाताऱ्याचे हात तोंडाशीच राहिले.

"वहिनी!" जोलदोश दातांवर दात दाबून बोलला. "माझं नाक कापू नका."

"तुझं नाक तुझ्यापाशी ठेव. पैसे माझ्या कमरेला आहेत."

मी मागचं दार उघडलं, सीटसमोरची चटई उपटली आणि खालचं जाजम ओढलं. ते चिकटवलेलं होतं, नुसत्या ओढण्यानं निघेना, म्हणून एक पाय दारात रोवून ओढलं. खाली डांबरासारखा काळा रंग आणि त्यातून या दारापासून त्या दारापर्यंत जाणारी वेल्डिंगची शिवण. पोतं शिवल्यासारखी. पुढचा अर्धा भाग एका मेलेल्या गाडीचा, मागचा दुसऱ्या मेलेल्या गाडीचा. कुठल्यातरी शेडमध्ये दोन मढी जोडली होती आणि वरून चंदेरी रंग मारला होता.

"आता सांग तुझ्या सात पिढ्या," मी शेरगाझीला म्हटलं. "सकाळच्या नको हं, आत्ताच्या सांग. का मी सांगू? इसिक-कुलच्या काठचा तुझा आजा?"

मला वाटलं होतं, आता बाजार त्याच्यावर उलटेल. छे! सगळी नजर माझ्यावर. "घरात हिला कोणी आवरत नाही का?" एक जण म्हणाला. म्हातारा पुटपुटला की दुवा मोडली, पाप लागेल. पाप! ज्यानं शिवण लपवली त्याला नाही, जिनं चटई उचलली तिला.

शेरगाझी मात्र जराही हलला नाही. कपाळसुद्धा पुसलं नाही त्यानं. "बरं," तो जोलदोशला म्हणाला, "वहिनींची नजर तयार आहे. साडेतीन हजार. शिवणीसकट. आता तरी भाव रास्त झाला ना?"

जोलदोशचे डोळे चमकले. "घ्या! अर्ध्या किमतीत! वहिनी, जिंकलात तुम्ही!" आणि त्यानं लगेच भावाला फोन लावून माझ्या कानाशी धरला.

एसेनकुलनं सगळं ऐकून घेतलं. मागे कुठंतरी सिमेंटचं मिक्सर घरघरत होतं.

"घे," तो म्हणाला. "साडेतीनला घे. सांधा मी परत पक्का करून घेईन."

"अहो, मधोमध चिरलेली आहे ती. घाटात एक धक्का बसला तर दोन तुकडे होतील."

"अशा शंभर पळतायत. झूरा, माझे गुडघे गेले. मला घरी यायचंय."

मी जोलदोशच्या हातातून फोन घेतला. "मागच्या सीटवर कोण बसणार?"

"प्रवासी."

"कोण प्रवासी?"

"मला काय माहीत कोण! प्रवासी!"

"नाही घेत मी," मी म्हटलं. त्यानं फोन आपटला.

आम्ही शेअर टॅक्सीनं परत निघालो. पुढं एक जाडजूड गृहस्थ, मागे जोलदोश, मी, आणि मांडीवर नातू घेतलेली एक म्हातारी. जोलदोश बाहेर बघत बसला होता. बूम घाटात शिरलो, वारा सुटला, आणि माझ्या घोट्याला गार लागायला लागलं. खिडक्या सगळ्या बंद होत्या.

मी वाकले आणि चटई उचलली.

"ताई, चटई राहू द्या, वारा येतो," पोरसवदा ड्रायव्हर आरशातून म्हणाला. त्याला ठाऊक होतं.

"केवढ्याला घेतलीस?"

"साडेतीन हजार." तो जरा खुशीतच होता. "नात्यातल्यानं दिली."

मी जोलदोशला शिवण दाखवली. सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं, ही गाडी दोन गाड्यांची आहे, उतरा. पुढच्या गृहस्थानं रेडिओ मोठा केला. म्हातारी म्हणाली, "पोरी, अल्लाची मर्जी," आणि नातवाला शालीत घेतलं.

"थांबव," मी म्हटलं.

"मी नाही उतरणार," जोलदोश म्हणाला. "दिवसभर तमाशा केलात, तेवढा पुरे. उतरा एकट्या."

मी उतरले. गाडी निघाली, आणि मागून बघताना स्वच्छ दिसलं की मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत नाहीत. खेकड्यासारखी जरा तिरकी चालली होती ती.

मी एसेनकुलला फोन लावला. "आणखी एक हिवाळा काढावा लागेल," म्हटलं.

तो म्हणाला, "वारा ऐकू येतोय. कुठं आहेस तू?"

"बूम घाटात, रस्त्यावर. टॅक्सी शिवलेली निघाली. उतरले."

"आणि जोलदोश?"

"तो आत आहे. मागच्या सीटवर."

"आत? वेडी आहेस का? उतरव त्याला! झूरा, पुढं सगळी वळणं आहेत, उतरव त्याला!"

"तो प्रवासी आहे," मी म्हटलं.

फोन तुटला. त्यानं भावाला लावला असणार, कारण वळणाच्या अलीकडे ब्रेकचे लाल दिवे लागले आणि दार उघडलं. एक माणूस उतरला.

गाडी पुढं निघाली. आतल्या बाकीच्यांना फोन करणारं कोणी नव्हतं.