लेडीजच्या बाजूची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. अंग सागाचं, पाय लोखंडी आणि बैठक उठताबसता दुमडणारी. एक हात कधीच निखळला, दुसरा कसाबसा टिकून आहे. पाचोऱ्यात स्टेशनकडून बाजाराकडे निघालात की अतिकभाईंचं सलून लागतं. तिथे भिंतीला टेकून मी उभी असते आणि दाढी-कटिंगसाठी थांबलेली माणसं माझ्यावर बसून पेपर वाचतात. मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू बोलायला लागल्या की आपल्या जमान्याच्या बढाया मारतात. मी मात्र आज मान खाली घालून बोलणार आहे. खुर्चीला मान नसते म्हणा, पण तुम्ही समजून घ्या.

माझा जन्म दिलशाद टॉकीजसाठी झाला. सुताराने मला रंधा मारून असं गुळगुळीत केलं होतं, की साडीचा धागाही अडकू नये. आणि साडीचीच काळजी घ्यायची होती, कारण माझी जागा लेडीजच्या बाजूला होती. तेव्हा बायका पुरुषांत बसत नसत. मध्ये लाकडी आडोसा होता, आमचा दरवाजाही वेगळा, मागच्या गल्लीत उघडणारा. केळीच्या बागांतून बैलगाडीने आलेल्या बाया, बुरखा वर करून बसलेल्या पोरीसोरी, मांडीवर लेकरं घेतलेल्या आया, सगळ्या माझ्यावर बसून गेल्या. किती जणींनी माझ्या हातावर डोळे टिपले, विचारू नका.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. टॉकीजबाहेर मिरचीच्या भज्यांची गाडी लागे. मध्यंतरात तिथे ही झुंबड! उशिरा गेलेल्याच्या वाट्याला नुसता तळलेला चुरा. म्हणून मध्यंतर जवळ आलं, की डोअरकीपर तोताराम पुरुषांकडचं दार हळूच आधी उघडून द्यायचा आणि सगळे गडी अंधारात वाकून बाहेर सटकायचे. आमच्या बाजूचं दार मात्र दिवे लागल्याशिवाय उघडत नसे. मध्यंतराची पाटी पडद्यावर येईपर्यंत बायका बसून असत. सिनेमा कुठलाही असो, पाचोऱ्याची ही रीत कधी चुकली नाही.

पुढे टॉकीज बंद पडली. उंदरांनी पडदा कुरतडला, माझ्या शेजारणींना वाळवी लागली. मोडीत निघता निघता मला अतिकभाईंनी उचललं. "दिलशादची निशाणी आहे, हिला जपू," असं ते गिऱ्हाइकांना सांगत आणि मी फुगून जाई. मी लेडीजच्या बाजूची, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

सोमवारी सलून बंद असतं. पण अर्धं शटर वर करून तिथे एक मंडळ जमतं. दिग्दर्शक जगन मेहरोत्रा यांच्या चाहत्यांचं हे मंडळ. चौघेच, पण कट्टर! अतिकभाई स्वतः, दुकानांच्या पाट्या रंगवणारा मोईज, आता केळीच्या बागेची राखण करणारे तोताराम आबा आणि बदली होऊन धुळ्याहून आलेला ललित. हा ललित एका विमा कंपनीत आहे. त्याचा सगळा सिनेमा मोबाईलवर, तोही पुढे ढकलत ढकलत पाहिलेला. बाकीचे तिघे त्याला चिडवत, "अरे भो, टॉकीजमधे नाही पाह्यला तो पिक्चर पाह्यलाच नाही!"

तर दर सोमवारी हे लोक साहेबांच्या सिनेमांना नंबर द्यायचे. अतिकभाई ब्रश साबणात घोळून आरशावर फेसाने एक, दोन, तीन लिहीत. भांडण लांबलं की फेस ओघळून तिसऱ्या नंबराचा सिनेमा बेसिनमध्ये जाई. पहिला नंबर 'धूल का दरबार'चा. त्यातला डाकू जेवता जेवता ताटातलं मीठ पाहतो आणि बंदूक खाली ठेवतो. त्या सीनची नक्कल मोईज अशी करायचा, की अंगावर काटा यायचा. दुसरा 'दो मशालें'. जिनिंगमध्ये उडणाऱ्या कापसात दोघा भावांची मारामारी. आणि तिसरा 'फाटक नंबर सात'. खरं तर तो पहिलाच यायचा, पण त्यात साहेबांनी एक घोडचूक केली आहे, असं मंडळाचं ठाम मत होतं.

सिनेमात रेल्वेचा फाटकवाला नवरा दारू पिऊन पडलेला असतो. मेल यायची वेळ होते. मध्यंतरानंतर पाहावं तर सकाळ झालेली, मेल सुखरूप गेलेली आणि नवरा बायकोचे पाय धरून रडतोय. मग गाडी गेली कशी? फाटक लावलं कोणी, झेंडी दाखवली कोणी? "एवढा मोठा डायरेक्टर, पण तिथं झोपला," असं अतिकभाई दर सोमवारी म्हणत आणि बाकीचे मान हलवत.

या हिवाळ्यात मेहरोत्रासाहेब गेले. मंडळ दिवसभर सुतकात होतं. मग ठरलं, की सलूनच्या आतल्या भिंतीवर साहेबांचा सगळ्यात भारी सीन मोईजने रंगवायचा. सीन एकच. त्या सोमवारी असा वाद पेटला, की रस्त्यावरची माणसं शटरखालून वाकून बघायला लागली.

तेवढ्यात पायरीवर नसीमआपा आल्या. अतिकभाईंची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा ह्याच बहिणीने शिलाई मशीन चालवून त्यांना वाढवलं, वस्तरा धरायला शिकायला पाठवलं. अजूनही दर सोमवारी त्या भावासाठी डबा आणतात. पुरुषांचं सलून म्हणून आत मात्र कधी येत नाहीत. पायरीवरूनच डबा देतात आणि जातात.

आत चाललं होतं, "गाडी गेली कशी, तेवढं सांगा, मग देतो फाटकला पहिला नंबर!"

आपा पायरीवरूनच म्हणाल्या, "बायकोने नाही का झेंडी दाखवली? त्याचा खाकी कोट साडीवर चढवते, फाटक लावते आणि हिरवी झेंडी धरून उभी राहते. गाडी धडधडत जाते, तिचा पदर उडतो, पण झेंडी हलत नाही. मध्यंतराच्या आधीच तर आहे."

आणि जो हशा फुटला!

"असा सीनच नई शे, बहीन!" तोताराम आबा म्हणाले. "मी त्या टॉकीजमा डोअरकीपर व्हतू."

"आपा, तुम्ही दुसऱ्याच कोणाचा पिक्चर यात मिसळू राहिल्या," मोईज म्हणाला.

आपांनी भावाकडे पाहिलं. त्याने एक शब्द बोलावा, एवढंच त्या नजरेत होतं. अतिकभाईंना मित्रांसमोर आपलं हसू होईल अशी भीती वाटली असावी. ते म्हणाले, "आपा, तू डब्याचं बघ. पिक्चरचं आम्ही बघतो. आता ही डायरेक्टरला शिकवणार!" आणि हसत हसत त्यांनी माझ्या हातावर जोरात थाप मारली. मी कुरकुरले. मित्रांनो, त्या हशात माझाही आवाज मिसळला. मला तो सीन ठाऊक होता. नसीम तेव्हा वेणीवाली पोर होती आणि आईशेजारी माझ्यावरच बसून तिने तो श्वास रोखून पाहिला होता. सगळ्या दुनियेत तिच्या बाजूची साक्ष द्यायला मी एकटी तिथे होते आणि माझ्या अंगातून निघालं काय, तर कुरकुर! अशी लाज मला भंगाराच्या ढिगातही वाटली नव्हती.

आपांनी डबा पायरीवर ठेवला. पायातल्या चपला सरळ केल्या आणि निघून गेल्या. पुढच्या सोमवारी डबा आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. अतिकभाई वडापाव आणून खायचे आणि अर्धा टाकून द्यायचे.

शेवटी ललितच म्हणाला, "एकदा दाखवूनच देऊ ना आपांना, की असा सीन नाही. म्हणजे त्यांचा राग जाईल." काय पण अक्कल! आधी खात्री करायला म्हणून त्याने मोबाईल आरशाला टेकवला, 'फाटक नंबर सात' लावला आणि या खेपेला पुढे न ढकलता चालू ठेवला. चौघे मोबाईलभोवती डोकी घालून बसले.

नवरा पडला. मेलची शिट्टी वाजली. ह्याच शिट्टीला गडी भज्यांकडे पळायचे. आणि मग ती उठली. खुंटीवरचा कोट काढला, साडीवर चढवला, बाह्या दोनदा दुमडल्या. संगीत नाही, संवाद नाही. फाटक लावलं आणि झेंडी धरून ती उभी राहिली. गाडी गेली, पदर उडाला, झेंडी हलली नाही. मग मध्यंतराची पाटी.

अतिकभाईंनी हात पुढे करून सिनेमा थांबवला.

"कवाड तं मीच उघाडी दिऊ ना रे भो," तोताराम आबा हळूच म्हणाले. "बठ्ठा गडी भजासना मांगे! आन आपन साहेबले नावं ठेवी राहिनूत."

ललित आपल्या चपलांकडे पाहत राहिला. मोईजने खिशातली विडी काढली आणि न पेटवता परत ठेवली. इतकी वर्षं हे लोक भजी खात होते आणि चूक डायरेक्टरची काढत होते. उचलली जीभ, लावली टाळ्याला! पण अतिकभाईंचं तोंड बघवत नव्हतं. आरशात स्वतःचा चेहरा दिसू नये म्हणून ते आरशाकडे पाठ करून उभे राहिले. "डायरेक्टरचं जाऊ द्या," ते म्हणाले, "मी माझ्या बहिणीला चारचौघांत खोटं पाडलं. जिने मला घास भरवला तिला मी डब्याचं बघ म्हणालो." त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि व्हायलाच हवं होतं.

आता खरं म्हणजे उठायचं आणि आपांच्या दारी जायचं. सरळ रस्ता. पण पुरुषमाणसांना माफी मागायलाही कार्यक्रम लागतो! ठरलं काय, तर तोच सीन भिंतीवर रंगवायचा आणि आपांना एकदम दाखवायचा. मोईजने जीव ओतून काढला. खाकी कोट, उडता पदर, हिरवीगार झेंडी, मागे धूर. खाली ठळक अक्षरांत लिहिलं, 'पहिला नंबर, पसंती नसीमआपा यांची'. सोमवारी अतिकभाई स्वतः जाऊन बहिणीला घेऊन आले. "काम आहे, चल," एवढंच सांगितलं.

आपा नेहमीसारख्या पायरीवर थांबल्या. भिंतीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. चौघे ओळीने उभे होते, परीक्षेचा निकाल लागायच्या वेळी पोरं उभी राहतात तसे.

"चित्र छान काढलंस, मोईज," त्या म्हणाल्या. मोईजने सुस्कारा सोडला. "पण पहिला नंबर कोणी दिला ह्याला?"

"तूच ना, आपा," अतिकभाई म्हणाले. "तुझी पसंती."

"मी? गाडी कशी गेली म्हणून तुम्ही विचारत होता, ते मी सांगितलं. माझी पसंती कोणती, हे मला कधी विचारलं कुणी?"

भिंतीवरचा ओला रंग तसाच चमकत होता आणि चौघांच्या माना एकेक करून खाली गेल्या. आधी तिचं ऐकलं नाही. मग तिच्या नावाने स्वतःच बोलून मोकळे झाले. दुसरी लाज पहिलीपेक्षा वाईट असते, मित्रांनो, कारण ती शहाणं झाल्यावर येते.

"आणि मी सांगितलं तेव्हा पटलं नाही," आपा म्हणाल्या, "मोबाईलने सांगितलं तेव्हा पटलं. खरं की नाही, अतिक?"

"खरं आहे, आपा." अतिकभाईंनी वर पाहिलं नाही. "चुकलो. फार चुकलो. बहाणा कसला सांगू? मित्रांत माझी शान जाईल म्हणून तुझी घालवली."

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून माझी बैठक पुसली, मला भिंतीपासून ओढून सलूनच्या मधोमध ठेवलं आणि म्हणाले, "पायरीवर नको उभी राहू. आत ये. बस आणि सांग. तुझा पहिला नंबर कोणता?"

आपा जराशा घुटमळल्या. मग चपला काढून आत आल्या आणि माझ्यावर बसल्या. त्यांनी मला ओळखलं नाही. त्यांनी ओळखावं, असं तोंडही मला नव्हतं. मी फक्त अजिबात कुरकुरायचं नाही, एवढा निश्चय केला. ललितचा हात सवयीने खिशाकडे गेला होता. आपांनी तो बरोबर पाहिला.

"मोबाईल राहू दे खिशातच," त्या म्हणाल्या. "मी सांगेन ते ऐकायचं. तपासायचं नाही."

ललितने हात मागे घेतला. अतिकभाई बहिणीच्या पायाशी खाली फरशीवरच बसले आणि आपा सांगायला लागल्या.

मित्रांनो, मला कुणी नवा हात बसवा, पॉलिश करा, असं मी म्हणणार नाही. मी आहे तशी बरी आहे. तुमच्या घरातही कुणी दारात उभं राहून काही सांगत असेल. तिला आधी आत बोलवा. बसायला द्या. मग तिला काय आवडतं ते तिलाच विचारा, आणि ती बोलेल तोवर मध्ये उठू नका.